ओव्हर आणि वर

मुळशी तालुक्यात ‘ओव्हर’ दिवसभर कानावर पडतो. पिरंगुटच्या कारखान्यांत ओव्हरटाइम, ताम्हिणी घाटात ओव्हरटेक, भर पावसात धरण ओव्हरफ्लो, आणि मैदानावर सहा चेंडू पडले की ओव्हर संपली. ‘संपली’ हा अर्थ ओव्हरमध्येच आहे, तरी आपण तो वरून जोडतो.

हा पाहुणा खरे तर भाऊबंदांतला. संस्कृत ‘उपरि’, प्राकृत ‘उवरि’, मग आरंभीचा ‘उ’ गळून जुन्या मराठीत ‘वरी’ आणि आज ‘वर’. त्याच मूळ घराण्यातून ग्रीक ‘ह्युपर’, लॅटिन ‘सुपर’, जर्मन ‘यूबर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ निघाले. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच. तिथे कंपनीच्या दारात उभी राहणारी उबर नावाने आपल्या ‘वर’ची चुलतबहीण लागते.

वाटणी मात्र वेगळी झाली. इंग्रजाला टेकलेले आणि अधांतरी यांत भेद करावा लागतो: होडी पाण्याला टेकलेली म्हणून तिला ‘ऑन’, ढग अधांतरी म्हणून त्याला ‘ओव्हर’. मराठीत होडी पाण्यावर, ढगही पाण्यावर. उलट, ओव्हर वरून पलीकडे गेला आणि पलीकडे गेलेले ते संपलेले, असा अर्थ सरकला. आपण ते काम ‘पार’कडे दिले. घाट पार केला, लग्न पार पडले, पैसे पार संपले. आपला ‘वर’ संपण्याच्या अर्थाला जातो तो एकदाच, माणूस ‘वर गेला’ म्हणताना.

‘वर’चा सगळ्यात वजनदार अर्थ हक्काचा. जमीन नावावर असते. 1921 साली मुळशीत सत्याग्रह झाला तो टाटांच्या धरणात बुडणाऱ्या अशाच जमिनींसाठी, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली. हक्क वर आणि नेतृत्वाला ‘खाली’, ही गंमत मात्र इंग्रजी वळणाने आलेली दिसते. धरण झालेच. मुळा नदीचे पाणी सह्याद्री ओलांडून खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागले. पाणी खाली गेले तरी कोकणी माणूस आजही मुळशीकराला ‘घाटावरचा’ म्हणतो.

तेव्हा ओव्हरटाइम, ओव्हरटेक खुशाल राहू द्या. ते रुळले आहेत. धरणाला तेवढे ओव्हरफ्लो म्हणू नका. ते ‘भरून वाहते’, आणि हे सांगायला ना ओव्हर लागतो ना वर.