उतारा वाचला, पण कळला का?

खैरलांजी म्हटले की मराठी माणसाला २००६ साल आठवते. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातली ती खैरलांजी. मी आज लिहितो आहे ती दुसरी. ही मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, महाराष्ट्राच्या अगदी हद्दीला लागून. पलीकडे भंडारा आणि गोंदिया जिल्हे. दोन्ही खैरलांज्या वैनगंगेच्याच खोऱ्यात, मधून राज्याची सीमा गेलेली. मी तिथे कधी गेलेलो नाही. गोव्याहून तिथे जायचे तरी काय निमित्त? पण प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या वाचनाची परीक्षा कशी घेतात याचा इतिहास वाचताना नकाशावरचे हे टोक पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिले.

बालाघाटचा मैदानी मुलूख आधी नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. म्हणजे भंडाऱ्याचाच एक तुकडा. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे दोन्हीकडचा कारभार एकाच प्रांताचा आणि नागपूरहून चालणारा. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. अलीकडची शाळा मराठी, पलीकडची हिंदी.

गंमत म्हणजे ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही पुनर्रचना घटनेत बसवली, तिनेच अनुच्छेद ३५०-क घटनेत घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे तो सांगतो. एका हाताने रेघ मारली, दुसऱ्या हाताने वचन दिले. रेघ टिकली.

या भागातल्या घरांत बोलली जाते पोवारी, मराठी, थोडी पुढे गेले की गोंडी. पोवारी कुळाने हिंदीकडची, पण तिच्यावर मराठीचे पाणी भरपूर पडलेले. शाळेत मात्र पुस्तक हिंदीचे. तामिळ घरातले मूल हिंदी शाळेत गेले तर त्याची अडचण पहिल्याच दिवशी गुरुजींना दिसते, कारण अक्षरेच वेगळी. खैरलांजीकडच्या मुलाची अडचण दिसत नाही, कारण हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत. मूल अक्षरे शिकते, जोडाक्षरे शिकते आणि धडा घडाघडा वाचते. कानाला सगळे ठीक.

आता मीच बनवलेले एक वाक्य घ्या : ‘दादी ऊन लेकर बैठी थी.’ हिंदीत ऊन म्हणजे लोकर. मराठी बोलणाऱ्या घरातले मूल हे वाक्य एकही चूक न करता वाचील आणि त्याच्या डोळ्यांसमोर आजी अंगणात ऊन खात बसलेली असेल. ‘टोकरी खाली है’ वाचल्यावर ते टोपलीच्या खाली काय आहे ते शोधील. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘संसार’... यादी बरीच लांबेल. वाचन शंभर टक्के बरोबर, अर्थ भलताच. परीक्षकाने फक्त कान दिला तर त्याला हे कधीच कळणार नाही.

आणि परीक्षकांनी बहुतेक काळ फक्त कानच दिला.

१८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याने शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली आणली. तपासनीस शाळेत येणार, एकेका मुलाचे वाचन, लेखन आणि गणित तपासणार आणि जेवढी मुले पास तेवढे अनुदान. ‘निकालाप्रमाणे पैसे’ असे तिचे नाव पडले. कवी मॅथ्यू आर्नल्ड तेव्हा शाळा-तपासनीसच होता. त्याने १८६७ च्या अहवालात स्वच्छ लिहिले की, युक्तीने तयारी करून घेतली तर मूल खरोखर वाचता येत नसतानाही वाचनाच्या परीक्षेत पास होऊ शकते. पुस्तक ठरलेले, धडे ठरलेले, मग पाठ करायला कितीसा वेळ? हीच पद्धत आपल्याकडे मद्रास आणि मुंबई इलाख्यात आली. १८८२ च्या हंटर आयोगाने कॉलेजांसाठी ती नाकारली, पण प्राथमिक शाळांसाठी चालेल म्हटले. म्हणजे मोठ्यांना नको ते लहानांना चालते! शेवटी लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने ती मोडीत काढली. ठरावाने पद्धत गेली, सवय गेली नाही. पुढच्या दोन पिढ्या ‘दिपोटी’ येणार म्हटले की गुरुजी धडे पाठ करून घेत. ज्यांच्या आजोबांनी मराठी शाळा पाहिली त्यांना हे सांगायला नको.

जाता जाता एक. मराठीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम रुळवण्याचे श्रेय मेजर कँडीला दिले जाते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचे पुस्तक १८५० चे. मोठा उपकार, यात वाद नाही. पण विरामचिन्हांवर नीट थांबणारे मूल समजून वाचत आहे असे ऐकणाऱ्याला वाटू लागले. थांबणेसुद्धा पाठ करता येते.

समजले की नाही हे वेगळे तपासायला हवे, ही जाणीव विसाव्या शतकातली. १९१५ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक केली याने कॅन्ससच्या शाळांसाठी मूक वाचनाची चाचणी बनवली. आज जिला आपण बहुपर्यायी प्रश्न म्हणतो त्याचा एक उगम तिथे आहे. १९१७ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. मला विचाराल तर या विषयात आजही त्यापेक्षा शहाणे फारसे लिहिले गेलेले नाही. त्याने मुलांपुढे शाळेतल्या हजेरीचा नियम सांगणारा एका वाक्याचा उतारा ठेवला : फ्रँकलिन या गावात सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी शाळेत यावे, स्वतः आजारी असेल, घरात साथीचा रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तर सूट. मग विचारले, उतारा कशाविषयी आहे? काही मुले म्हणाली, ‘फ्रँकलिन.’ दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या दिवशी आले नाही तरी चालेल? उत्तरांत ‘तिच्या वाढदिवशी’ हेही होते. ही वाचता न येणारी मुले नव्हती. थॉर्नडाइक म्हणतो, प्रत्येक शब्दाला योग्य तेवढे वजन देणे, नको त्या शब्दाला मागे सारणे आणि उरलेल्यांचा मेळ घालणे, हे गणित सोडवण्यासारखेच काम आहे.

आमच्या कचेरीत परिपत्रक येते तेव्हा मला थॉर्नडाइक आठवतो. मोठ्याने दोनदा वाचून झाल्यावर चांगला पदवीधर माणूस विचारतो, ‘म्हणजे आता करायचं काय?’ असो.

आपल्या काळात या विषयाला चव्हाट्यावर आणले ते ‘असर’ने. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण होऊ लागले. ग्रामीण भारतातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातली ३० गावे, गावातली २० घरे. स्थानिक स्वयंसेवक घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतो. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठवर पोचते ते नोंदवायचे. २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. करोनानंतर २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ वर घसरला आणि २०२४ मध्ये ४८.८ वर आला. सरकारी कागदांवर ‘सर्व ठीक’ चालले असताना या साध्या कागदाने देशाला जागे केले. त्याचे मोल मी कमी करणार नाही. आईवडिलांच्या देखत, दारात बसून परीक्षा, ही कल्पनाच मोठी लोकशाहीची आहे.

पण हा कागद मुख्यतः ऐकतो. मूल गोष्ट ओघाने वाचते की नाही हे तो सांगतो. खैरलांजीकडच्या मुलापुढे हिंदी गोष्ट येते आणि हद्दीपलीकडे तुमसरच्या मुलापुढे मराठी गोष्ट. दोघेही ओघाने वाचतात, दोघेही ‘गोष्ट’ या रकान्यात जातात. यातला एक ऊन म्हणजे उन्हे समजून पुढच्या वर्गात जातो. सहावीत विज्ञानाचे पुस्तक हाती आल्यावर तो अडतो, तेव्हा ‘अभ्यास करत नाही’ असा शेरा मिळतो. उलटही होते. सगळे कळणारे, पण अक्षर लावताना अडखळणारे मूल ‘शब्द’ या रकान्यात राहते. त्याला पुन्हा बाराखडी.

गोव्यातल्या माणसाला हे सांगायची फार गरज नाही. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बोलणे कोंकणी आणि वाचणे मराठी. श्रीधराची पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, ही देवळातली जुनी रीत. वाचणे आणि समजणे ही दोन कामे आहेत, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते, म्हणून तिने दोन माणसे नेमली होती. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा ‘बांय’ म्हणणारे भुरगें पुस्तकात ‘विहीर’ वाचू लागले. लिपी एकच, म्हणून वाचनात अडले नाही. चांगले शिक्षक कोंकणीत अर्थ सांगत. ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते. माध्यमाच्या वादात आम्ही पुढे पुष्कळ भांडलो, मोर्चे काढले, १९९० आणि २०११ ची सरकारी धोरणे घोकली, पण वर्गातल्या या दुभाष्याविषयी दोन्ही बाजू फारसे बोलल्या नाहीत.

सरकारी पातळीवर मार्च २०२२ मध्ये पायाभूत अध्ययनाचा जो अभ्यास झाला, त्यात तिसरीतल्या सुमारे ८६ हजार मुलांना एकेकटे बसवून २० भाषांत तपासले गेले आणि वाचनाच्या वेगाबरोबर आकलनही मोजले गेले. चांगली गोष्ट. पण प्रश्न उताऱ्याच्याच भाषेत विचारायचा आणि उत्तरही त्याच भाषेत घ्यायचे, तर पोवारी बोलणारे मूल गप्प बसेल. ते कळले नाही म्हणून गप्प आहे की सांगता येत नाही म्हणून, हे परीक्षकाला कसे समजणार? त्यासाठी उतारा हिंदीत ठेवावा, आणि ‘ऊन म्हणजे काय, तुझ्या घरच्या बोलीत सांग’ असे विचारावे. मूल लोकर म्हणते की ऊन, ते कागदावर लिहून घ्यावे. त्याला यंत्र लागत नाही, फक्त त्या गावची बोली कळणारा परीक्षक लागतो, आणि खैरलांजीत तसा माणूस शेजारच्या घरात सापडेल.