गल्ल्यावर कोण बसले आहे?

मोहल्ल्यातले एखादे हॉटेल बंद पडते, काही महिन्यांनी नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू होते, आणि आपल्या घराघरांत पहिला प्रश्न निघतो तो चवीचा नसतो, भावाचाही नसतो. 'आता कोणाचे आहे?' हा तो प्रश्न. पलीकडच्या आळीतही त्याच वेळी तोच प्रश्न विचारला जात असतो, फक्त अपेक्षित उत्तर वेगळे असते. हा प्रश्न आजच्या राजकारणातून निर्माण झाला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्रात त्याला शंभर-सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपली बाजू नेहमीच सोसणाऱ्याची आहे असेही नाही.

आम्ही राहतो त्या कासारवाडीत हा प्रश्न अलीकडेच ताजा झाला. नावात कासार असले तरी या वस्तीचे पोट गेली सहा-सात दशके बांगड्यांवर नाही, यंत्रांवर चालले आहे. दापोडी आणि पिंपरी यांच्या मधे, जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला आणि १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत सुरू झालेल्या लोहमार्गाला लागून ही वस्ती. शेजारी नाशिक फाटा, त्यापुढे भोसरी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. या तारखा शाळेत मुलांना पाठ होतात. त्या तारखांबरोबर आलेला एकटा माणूस मात्र पुस्तकात नाही. मराठवाड्यातला, खानदेशातला, केरळातला, उत्तर प्रदेशातला हा माणूस तीन पाळ्यांत काम करी, पाच-सहाजणांत एक खोली करी, आणि त्याला चूल नव्हती. मुंबईच्या गिरणगावात अशा माणसाला खानावळवाल्या बायांनी जेवू घातले. त्याच बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आमच्या पट्ट्यात हे काम रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलांनी केले. रात्रपाळी सुटल्यावर पहाटे जो दरवाजा उघडा असेल तो आपला, एवढाच तेव्हा हिशेब होता.

असेच एक हॉटेल एका मलबारी चाचांचे होते. आठ टेबले, दारात मोठा तवा, आत एक बावर्ची आणि दोन पोरे. पराठा, खिमा, सुलेमानी चहा. २०१५ साली राज्याचा प्राणी संरक्षणाचा कायदा कडक झाला, गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या मांसाला ती बंदी लागू नव्हती, पण रोजची कटकट नको म्हणून चाचांनी 'बडे' पूर्ण बंद करून खिमा कोंबडीचा केला. स्वस्तात पोट भरणारे कामगार तेव्हाच कमी झाले. पुढे २०२० ची टाळेबंदी आली, कामगार गावी गेले, चाचाही केरळला परतले ते परतलेच. दुकानाला दोन वर्षे कुलूप होते. तोवर समोरून मेट्रो सुरू झाली (६ मार्च २०२२ रोजी, पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी), आणि एके दिवशी शटर वर गेले. पाटीवर नाव जुनेच. गल्ल्यावर मात्र लातूरकडचा एक तरुण, कपाळाला गंध, मागे तुळजाभवानीची तसबीर.

शाळा सुटल्यावर आम्ही चौघे शिक्षक तिथे जेवायला गेलो. मेनूत मिसळ आणि ज्वारीची भाकरी नवी होती; खिमा, पराठा आणि शुक्रवारची बिर्याणी कायम. पण ताटे येण्याआधीच आमच्यातले वयाने मोठे असलेले साहेब म्हणाले, 'मैं तो सिर्फ चाय लूंगा.' दुसऱ्याने सरळ गल्ल्यावर जाऊन विचारले, 'मटण कुठून घेता?' तरुणाला राग आला नाही. त्याने हे उत्तर पूर्वीही बऱ्याच वेळा दिले असावे.

'सर, तिथूनच. गिऱ्हाईक तेच, खाटीक तोच, आचारी तोच. बदललो तो मीच.'

आत डोकावले तर खरोखरच जुना बावर्ची तव्यापुढे उभा होता. भिंतीवरचा आयतुल कुर्सीचा तुगरा नव्या मालकाने उतरवून, कापडात गुंडाळून त्याच्या स्वाधीन केला होता; तो आता त्याच्या घरी आहे. खिमा पूर्वीपेक्षा थोडा तिखट होता. भाकरीबरोबर तो पराठ्याहून चांगला लागतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. साहेबांनी शेवटी चहाबरोबर अर्धी भाकरी आणि मिसळीचा रस्सा घेतला.

निघताना मालक हळू आवाजात म्हणाला, 'तुम्ही मटणाचं विचारता, दुसरे आचाऱ्याचं विचारतात. हाच ठेवलाय का, म्हणतात. याला काढू का आता?' आम्ही 'नको' म्हणालो. म्हणायला आमचे काय जाते? दुकान त्याचे, भाडे त्याला भरायचे.

आमच्या साहेबांना कर्मठ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण याच पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमात मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा प्याला, कोणी नुसता ओठाला लावला. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे छापवून आणली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. ख्रिस्त्याच्या हातचा एक पेला चहा! रेल्वे आली तरी भेद गेला नाही. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे, चहाही वेगळा. ही पद्धत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालली.

कोल्हापुरात याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. राजवाड्याच्या पागेतला नोकर गंगाराम कांबळे याने सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला पैसे देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल घालून दिले. 'सत्यसुधारक हॉटेल' त्याचे नाव. नुसते भांडवल देऊन ते हॉटेल चालले नसते, कारण दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? म्हणून महाराज स्वतः तिथे गाडी थांबवत, चहा मागवत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागे. आम्ही इतिहास शिकवतो, आणि आमच्या मते महाराजांच्या सगळ्या हुकुमांत गाडी थांबवण्याचे हे काम फार वरचे आहे.

आता आपली बाजू. १९३४ साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचे दिवस होते. प्रवासाने धुळकटलेल्या त्या मंडळींनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तेव्हा हौद बाटवला म्हणून ओरडत धावून आलेली माणसे मुसलमान होती. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. ज्या दीनमध्ये एका ताटात जेवणे ही भूषणाची गोष्ट, ज्या कुरआनातल्या पाचव्या सूरतचे नावच 'माइदा' म्हणजे मांडलेले दस्तरख्वान, त्या दीनच्या माणसांनी हे केले. आपल्या अंकांतून हा प्रसंग क्वचितच येतो.

हे बंधन पहिल्यांदा सैल केले ते इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यज्द आणि केरमानकडून मुंबईत आलेल्या या लोकांना आपण सरसकट पारशी समजतो, पण त्यांत झरथुष्ट्री होते तसे शिया मुसलमानही होते. डोंगरीची १८६० सालची मुघल मस्जिद त्या दुसऱ्या वस्तीची खूण आहे. पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ साली हुसेन अली यक्षी यांनी काढले. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, ती इराणी घेत. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, मस्कापाव आणि चहा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे विचारायची सोय नव्हती, कारण जागा मिळेल तिथे बसायचे.

आणि ही हॉटेले हातोहात फिरली. मुले शिकून परदेशी गेली, धंद्यात राहायला कोणी उरले नाही, मग इराण्यांनी काही जागा उडपीकडच्या शेट्टींना विकल्या, काही पालनपूर-सिद्धपूरकडच्या चिलिया मुसलमानांना. धोबीतलावची बस्तानी २००४ साली बंद झाली. गुडलकशेजारचे लकी गेले. फर्ग्युसन रस्त्यावर आज जी वैशाली, तिचे आधीचे नाव मद्रास हेल्थ होम होते, हे तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ठाऊक नसते. मालक बदलला तरी गिऱ्हाईक टिकले, कारण त्याचा ऋणानुबंध टेबलाशी होता. चिलियांच्या बाबतीत मात्र एक कडू पान जोडावे लागते. गुजरातेत त्यांनी महामार्गावरच्या हॉटेलांना कोणत्याही धर्माची न वाटणारी नावे दिली होती; २००२ साली जमावाने नावामागचा मालक शोधून काढला आणि ती जाळली.

म्हणून 'कोणाचे आहे?' हा प्रश्न कोण, कोणाला आणि कशासाठी विचारतो, हे पाहावे लागते. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील खाणावळींना मालकाचे नाव दर्शनी भागात लावण्याचा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली: अन्न शाकाहारी की मांसाहारी हे सांगायला लावता येईल, नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही. आमच्या साहेबांनी मटणाबद्दल विचारले तो प्रश्न पहिल्या जातीचा आहे. सुरी कशी फिरली हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे, जसा जैन माणसाला कांद्याबद्दल विचारण्याचा आहे. पण चहा घेऊन बसणे, भाकरीलाही हात न लावणे, हे दुसऱ्या जातीकडे झुकणारे होते, आणि ते त्यांना तिथेच सांगितल्यावर त्यांनी ऐकले, हा त्यांचा मोठेपणा.

मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली: हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी वेगळा शिक्का. कोणी झटका खावा, कोणी हलाल, यावर आमचा आक्षेप नाही. पण ही महाराष्ट्राची जुनी रीत म्हणून सांगितली जाते तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाला बोलणे भाग आहे. आपल्या गावगाड्यात मुलाणा हा वतनदार होता. त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' उघडून पाहावा. मशिदीची दिवाबत्ती आणि निकाह जसे त्याचे काम, तसेच गावातल्या बकऱ्यावर सुरी फिरवणे हेही त्याचे काम. आणि ते केवळ मुसलमानांच्या घरापुरते नव्हते. मराठ्याच्या लग्नाचे बकरे असो की देवाला बोललेले, बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवायला मुलाण्यालाच बोलावणे जाई. त्याने हात लावल्याखेरीज मटण चुलीवर चढवायचे नाही, असे कित्येक गावांत होते. त्याबद्दल त्याला सुगीत बलुते मिळे आणि बकऱ्यातला ठरलेला वाटा. म्हणजे आज ज्या लातूरकडच्या तरुणाला आपण 'मटण कुठून?' म्हणून विचारतो, त्याच्या आज्याने बहुधा आपल्याच माणसाच्या हातचे खाल्ले होते आणि त्यात त्याचा देव बाटला नव्हता.

पुणे, सातारा, सोलापूरकडच्या काही गावांत जत्रेच्या दिवशी अजून मुलाण्याला बोलावणे येते. काही गावांत गेल्या काही वर्षांत ते बंद झाले आहे. शहरात आलेल्या मुलाण्यांनी सुरी केव्हाच खाली ठेवली. कोणी टर्नर झाला, कोणी रिक्षा घेतली. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर दरवर्षी दोन-तीन मुलाणी असतात. बलुतेदारांचा धडा शिकवताना आम्ही त्यांना उभे करून विचारतो, 'बेटा, तुझ्या आडनावाचा अर्थ काय?' बहुतेकांना सांगता येत नाही. मग आम्ही सांगतो, घरी जाऊन दादाजींना विचारून ये म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादा पोरगा गावाचे नाव, पाटलाचे नाव आणि वाट्याला काय यायचे ते पाटीवर लिहून आणतो.