खरेदीचे व्यसन आणि कर्जबाजारीपणा

गरज नसताना, खिशात पैसे नसताना आणि परिणाम ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा खरेदी करायला लावणारी, स्वतःला न आवरणारी ओढ म्हणजे खरेदीचे व्यसन. सणासुदीला हात सैल सोडणे किंवा हौसेने चार साड्या जास्त घेणे यात येत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या विकाराचे वर्णन केले, पण नंतर अनेक दशके त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अमेरिकेच्या डीएसएम-5 (2013) या मनोविकारांच्या सूचीत त्याला स्वतंत्र स्थान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात तो आवेग-नियंत्रणाच्या इतर विकारांत धरला जातो. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून 2016 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार प्रौढांत त्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के आहे.

उदासी, एकटेपणा किंवा घरातले भांडण यातून ओढ सुरू होते. वस्तू शोधताना मन गुंतते, पैसे भरण्याच्या क्षणी हलके वाटते आणि पार्सल हाती येईपर्यंत ते ओसरूनही जाते. मागे उरतो अपराधीपणा, आणि त्यावर उतारा म्हणून पुढची खरेदी. कपाटात लेबलही न काढलेले कपडे साठतात. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवणे, बँकेचे संदेश पुसून टाकणे, किंमत निम्मी सांगणे सुरू होते. घर मोडते ते पैशांइतकेच या लपवाछपवीनेही.

अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी टॉड लिंकन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. पतीच्या हत्येनंतर, कर्जाच्या ओझ्याखाली, त्यांनी 1867 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे कपडे विकायला काढले आणि वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. 1875 मध्ये मुलाच्या अर्जावरून शिकागोत खटला चालला. तिथे दुकानदारांनी त्यांच्या अनावश्यक खरेदीची साक्ष दिली, त्यांना वेडे ठरवून रुग्णालयात पाठवण्यात आले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या ज्यूरीने शहाणे ठरवले. इतक्या वर्षांनी त्यांचे निदान करणे रास्त नाही. पण खरेदीचा पुरावा मदतीऐवजी हक्क काढून घेण्यासाठी वापरला गेला, हे मात्र स्पष्ट दिसते.

आज कर्ज वाढते ते प्रामुख्याने क्रेडिट कार्ड, झटपट कर्जाची ॲप आणि ‘आता घ्या, नंतर द्या’ योजनांतून. कार्डावर 1 लाख रुपये थकले, व्याज दरमहा 3.5 टक्के असले, तर महिन्याचे व्याज 3,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 630 रुपये. बिलावरची किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 5,000 रुपये भरली, तर मूळ कर्ज फक्त 870 रुपयांनी उतरते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावरील व्याजाला वार्षिक 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी ती रद्द केली. एका कार्डाचे बिल दुसऱ्यावरून भागवायचे, मग पीएफ काढायचा, शेवटी घरातले सोने गहाण टाकायचे, ही उतरंड अनेक घरांनी पाहिली आहे.

घरच्यांनी एकदा सगळे कर्ज फेडून टाकणे हा मायेचा, पण बहुधा फसणारा उपाय. कार्डाची मर्यादा मोकळी होते, ओढ तशीच राहते. त्यामुळे उपचार आणि कर्जफेड एकत्रच चालावी लागते. वर्तन-विचार उपचारपद्धतीचा उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत. द्विध्रुवीय विकारातील उन्मादात, तसेच पार्किन्सनच्या काही औषधांमुळेही बेफाम खरेदी होऊ शकते, म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांची तपासणी हवी; औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेत 14416 क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. न्यूयॉर्कमध्ये 1976 पासून ‘डेटर्स ॲनॉनिमस’ हा कर्जदारांचा स्वमदत गट काम करतो.

कर्जाच्या बाजूने पहिले काम म्हणजे सर्व देणी एका कागदावर लिहून काढणे आणि बँकेशी हप्ते पाडून घेण्याबाबत लेखी बोलणे. ‘सेटलमेंट’ने रक्कम कमी होते, पण सिबिलच्या अहवालात तशी नोंद राहते आणि पुढे घरकर्ज अडते. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, नातेवाइकांना धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट 2022 चे निर्देश आहेत. बँकेने लेखी तक्रारीचे 30 दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. भीतीपोटी फोन बंद करून बसलेल्या कर्जदाराला हे कोणी सांगतच नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मे 2021 पासून कर्जदाराला 60 दिवसांची कायदेशीर उसंत मिळते. गंभीर मानसिक आजारावर तातडीचे उपचार चालू असतील, तर ते संपल्यावर आणखी 30 दिवसांपर्यंत वसुली थांबते. भारतात 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तरतुदी आहेत, पण कंपन्यांचे जामीनदार वगळता त्या लागू झालेल्या नाहीत. सामान्य कर्जदाराला आजही मुंबईत 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा नादारी कायदाच लागू होतो.