आवाजावरून ओळख

आमच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडमागच्या गल्लीत दिवेलागणीला खांबावरच्या दिव्याभोवती छोटी वटवाघळं घिरट्या घालतात. परवा भाचीने विचारलं, "मामा, ही कुठली?" मला सांगता येईना. पक्षी निदान ओरडतात तरी. ही गप्प!

गप्प कसली? आपले कान कमी पडतात, इतकंच.

१७९३ मध्ये इटलीत स्पालान्झानीने आंधळी केलेली वटवाघळं उडवून पाहिली. ती कुठेही धडकली नाहीत. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या ज्युरीनने त्यांचे कान बंद केले आणि ती आपटू लागली. पण आवाजच ऐकू येत नसल्यामुळे मोठमोठ्या विद्वानांना हे पटेना. अखेर १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळं घेऊन प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रापुढे गेला, तेव्हा त्यांची अखंड बडबड उघड झाली.

आता यंत्रं तो आवाज दहापट संथ करून ऐकवतात, त्याचा आलेख काढतात. त्यावरून जात ओळखता येते, प्राणी न पकडता, न मारता. मात्र आधी खात्रीचा नमुना हवा. एकच जात मोकळ्यावर वेगळं बोलते, झाडीत वेगळं. शिवाय दोन जातींचे आवाज सारखेही निघतात.

आपल्या सीमेवरचंच उदाहरण घ्या. बेळगावजवळ, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीची बारापेडे गुहा. तिथल्या एका वटवाघळाचं वर्णन १९१३ मध्ये ओल्डफिल्ड थॉमसने केलं आणि वनाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. विसावं शतक सरत येईपर्यंत जगाला त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी आवाजावरून ते कसं ओळखावं याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. नाव मिळाल्यावर शंभर वर्षांनी! गंमत म्हणजे त्याचा आवाज इतक्या खालच्या पट्टीत असतो, की माणसाच्या कानालाही ऐकू येऊ शकतो.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या गल्लीतल्यांचा आवाज कुणी घेतलाय?"

मी गप्प. जुनी घरं पडतायत, झाडं जातायत. उद्या दिव्याभोवती एखादी जात कमी झाली, तर नोंदीशिवाय ते कळणार तरी कसं?

असो. तुमच्या गल्लीतल्या दिव्याखाली आज जरा थांबून बघा.