नाव वाढत गेलेला कायदा

जिल्हा पानावर एखाद्याला ‘एमपीडीए’ लागल्याची चार ओळींची बातमी आपण वाचतो आणि पुढे जातो. ज्याला तो लागतो त्याच्या हाती पडणाऱ्या आदेशावर मात्र कायद्याचं पूर्ण नाव असतं, आणि ते एका दमात वाचून होत नाही. महाराष्ट्र झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधी द्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृक्श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, वाळू तस्कर व अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबतचा अधिनियम, १९८१.

१९८१ साली हे नाव एवढं लांब नव्हतं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधी द्रव्यांचे गुन्हेगार, एवढेच तिघे त्यात होते. बाकीचे नंतर टप्प्याटप्प्याने येऊन बसले. गर्दचा धंदा करणारा आणि सिनेमाच्या चोरट्या सीडी विकणारा एकाच कायद्यात कसे आले, हे समजायचं तर थोडं मागं, पुण्यापर्यंत जावं लागतं.

हा कायदा काय करतो ते आधी सांगतो. तो शिक्षा देत नाही. त्यात आरोपपत्र नाही, खटला नाही, वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घेणं नाही. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी यांना वाटलं की अमुक माणूस मोकळा राहिला तर पुढे घातक वागेल, तर ते त्याला स्थानबद्ध करू शकतात, जास्तीत जास्त बारा महिने. झालेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, होऊ शकणाऱ्या गुन्ह्यासाठी.

या हत्याराचं मूळ आपल्याकडे १८२७ सालात सापडतं. त्या वर्षी मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने पंचविसावं रेग्युलेशन केलं. बंगालमध्ये १८१८ साली तसंच एक झालेलं होतं. ‘राजकैदी’ म्हणून कोणालाही खटल्याशिवाय डांबण्याची मुभा त्यातून सरकारला मिळाली. सत्तर वर्षांनी, प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर, ते पुण्यात बाहेर निघालं. जुलै १८९७मध्ये लोकमान्य टिळकांना अटक झाली आणि त्याच सुमारास सरदार नातू बंधूंनाही उचललं गेलं. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रेची पक्षपाती वागले, ज्यूरीत मतभेद झाले, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण तो खटला होता, त्यात टिळकांना उत्तर देता आलं, आणि ते उत्तर देशाने ऐकलं. नातूंना उत्तर द्यायला जागाच नव्हती. त्यांच्यावर कसला आरोपच नव्हता. त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि ते १८२७च्या रेग्युलेशनखाली अडकून पडले. शिक्षा झालेले टिळक सप्टेंबर १८९८मध्ये सुटले, तेव्हाही गुन्हा सिद्ध न झालेले नातू आतच होते. १८९७च्या डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेसने या रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठवला होता. मला या कुळकथेतली ही जोडी फार महत्त्वाची वाटते. एकाच शहरातली, एकाच महिन्यातली माणसं. एकाला कोर्ट मिळालं आणि दुसऱ्यांना मिळालं नाही.

स्वातंत्र्य आलं तेव्हा हे हत्यार मोडीत निघायला हवं होतं. निघालं नाही. फाळणीच्या आगीतून बाहेर पडणाऱ्या देशाला ते टाकून द्यायचा धीर झाला नाही. सप्टेंबर १९४९मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत जे कलम मांडलं, तेच पुढे बाविसावं कलम झालं. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य न्यायप्रक्रिया’ ही कल्पना वगळली गेली होती, आणि त्याची काही भरपाई म्हणून आपण हे आणतो आहोत, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. स्थानबद्धता राहील, पण तिला कुंपण असेल: कारणं कळवायची, निवेदन देऊ द्यायचं, तीन महिन्यांहून जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली. संसदेने मंजूर केलेलं ते कलम आजतागायत अमलात आणलेलं नाही.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत आणखी एक बारीक नोंद आहे, आणि पुढची सगळी गंमत, खरं तर सगळी अडचण, तिच्यात आहे. राज्य सरकारला स्थानबद्धतेचा कायदा हव्या त्या कारणासाठी करता येत नाही. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि समाजाला अत्यावश्यक अशा वस्तू व सेवांचा पुरवठा, एवढीच कारणं समवर्ती सूचीत दिली आहेत. म्हणजे राज्याला ज्या कोणाला डांबायचं असेल, त्याला आधी या तीनपैकी एका दरवाजातून आत आणावं लागतं. बहुतेकांना ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’च्या दरवाजातून आणलं गेलं.

हा दरवाजा किती रुंद, याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९६५ साली राममनोहर लोहियांच्या खटल्यात दिलं. लोहियांना पाटण्यात स्थानबद्ध केलं होतं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळं कल्पिली, एकात एक. सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन माणसांची मारामारी पहिल्या वर्तुळात येते. तिच्यामुळे वस्तीचं जगणंच हादरलं तर ती दुसऱ्यात शिरते. पहिल्यासाठी पोलीस आणि कोर्ट आहेत. स्थानबद्धता फक्त आतल्या वर्तुळांसाठी.

ही वर्तुळं आखली गेल्यावर सोळा वर्षांनी, अंतुले मुख्यमंत्री असताना, आपला कायदा आला. आणीबाणीत वापरलेला स्थानबद्धतेचा कायदा ‘मिसा’ रद्द झाला होता, त्याच्या जखमा ओल्या होत्या. १९८०मध्ये केंद्राने राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणला. मुंबईत झोपडपट्ट्या वाढत होत्या आणि १९८१च्या जुलैत अंतुल्यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना शहराबाहेर काढण्याची घोषणा केली. ते प्रकरण ओल्गा टेलिस यांच्या याचिकेने सुप्रीम कोर्टात गेलं. झोपडपट्टीत राहणारा आणि त्याच्याकडून धाकाने भाडं वसूल करणारा, दोघांकडे सरकारचं लक्ष एकाच वर्षी वळलं.

त्या भाडं वसूल करणाऱ्याला इंग्रजी मसुद्यात ‘स्लमलॉर्ड’ म्हटलं आहे. मराठीत आलं ‘झोपडपट्टीदादा’. दादा म्हणजे थोरला भाऊ. गिरणगावातल्या चाळींत आणि गल्ल्यांत ज्याच्या शब्दाला जरब तो दादा, असा त्याचा दुसरा अर्थ रुळला होता. सरकारी अनुवादकाने तो रस्त्यावरून उचलून राजपत्रात ठेवला, आणि ‘भूखंड बळकावणारा’ वगैरे म्हणण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं झालं. ‘हातभट्टीवाला’ही तसाच ओळखीचा, काळा गूळ आणि नवसागराच्या वासासकट. मात्र कायद्याची व्याख्या हातभट्टीपुरती नाही. १९४९चा दारूबंदी कायदा मोडून दारू गाळणारा, नेणारा, साठवणारा, विकणारा, यांतला कोणीही तिच्यात बसतो. मराठी नाव डोळ्यांसमोर चित्र उभं करतं, पण व्याख्येपेक्षा तोकडं पडतं. पुढे हे पुन्हा घडलेलं दिसेल.

तिसरा, औषधी द्रव्यांचा गुन्हेगार. १९८१ साली आजचा अमली पदार्थांचा कायदा जन्मलाच नव्हता. तो १४ नोव्हेंबर १९८५ला अमलात आला. गर्दने मुंबई-पुण्यातली पोरं कशी पोखरली, हे मराठी वाचकाला अनिल अवचटांच्या ‘गर्द’ने दाखवलं आणि १९८६मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. अशा पोरांच्या घरांतून गेलेल्या कोणालाही गर्द विकणाऱ्याबद्दल कणव वाटणार नाही. मलाही वाटत नाही. इथे ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा शब्द ओढूनताणून लावावा लागत नाही, एखादी गल्लीच्या गल्ली बुडालेली आपण पाहिलेली असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा मोडणाराही याच व्याख्येत येतो; म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि ‘बटन’, ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचा धंदा करणाऱ्यापर्यंतही हा कायदा पोचतो. पण प्रश्न इथेही उरतोच. १९८५च्या कायद्यात मोठ्या साठ्यासाठी दहा ते वीस वर्षं कैद आहे, जामीन मिळणं महाकठीण आहे, आणि १९८८पासून अमली पदार्थांच्या तस्करांसाठी केंद्राचा स्थानबद्धतेचा वेगळा कायदाही आहे. एवढं सगळं हाताशी असताना जिल्ह्याला एमपीडीए का लागतो? तपास आणि खटला नेटाने चालवण्यापेक्षा हा कागद लवकर तयार होतो, एवढंच कारण मला दिसतं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘धोकादायक व्यक्ती’ आली. वारंवार मारहाण, खंडणी, चोऱ्या करणारा, बेकायदा शस्त्र बाळगणारा. आज बहुतेक आदेश याच नावाने आणि हातभट्टीच्या नावाने निघालेले वाचायला मिळतात.

मग २००९ साली व्हिडिओ पायरेट.

सिनेमाची चोरी ही आपल्याकडे व्हीसीआरबरोबर आली. १९८४मध्ये संसदेने कॉपीराइट कायदा कडक केला तो मुख्यतः तिच्यामुळेच. किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. चोरट्या प्रती वॉरंटशिवाय जप्त करण्याचा अधिकार उपनिरीक्षकाला. पुढे कॅसेट जाऊन सीडी आली आणि प्रत काढणं मिनिटांचं काम झालं. शुक्रवारी थिएटरात चोरून टिपलेला सिनेमा शनिवारी स्टेशनबाहेरच्या फळीवर दिसू लागला. ज्याने घर गहाण टाकून मराठी सिनेमा काढला, त्याची पहिल्या आठवड्याची गर्दीच ही फळी खाऊन टाकी. त्याचा संताप खरा होता. गुन्हा नोंदवला तर विकणारा जामिनावर सुटून त्याच फळीवर परत येई. तमिळनाडूने २००४मध्ये आपल्या अशाच कायद्यात व्हिडिओ पायरेट घातला होता. पाच वर्षांनी महाराष्ट्राने तेच केलं.

पण त्याला आत आणायचं कोणत्या दरवाजातून? चोरटी सीडी पाहून कोणी घाबरत नाही, वस्तीत पळापळ होत नाही. लोहिया खटल्यातलं दुसरं वर्तुळ तिथून फार दूर आहे. तेव्हा विधिमंडळाने व्याख्येच्या स्पष्टीकरणातच भर घातली: संगीत किंवा चित्रपटाच्या चोरट्या प्रती काढून वाटल्याने समाजजीवन विस्कळीत होतं आणि त्यामुळे लोकांचा प्रशासनावरचा विश्वास उडतो, म्हणून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असं मानायचं. मला या कायद्यातलं सर्वांत काळजीचं वाक्य हेच वाटतं. प्रशासनावरचा विश्वास उडण्याला सुव्यवस्थेचा भंग मानलं, तर दरवाजाला चौकट उरत नाही. विश्वास तर तुंबलेल्या खटल्यांनीही उडतो. शिवाय माप पाहा: ज्या गुन्ह्यासाठी पुराव्यानिशी दोषी ठरवूनही न्यायाधीश सहा महिने देऊ शकतो, त्याच्या नुसत्या संशयावर प्रशासन वर्षभर डांबू शकतं. निर्मात्याला न्याय हवा होता. त्याचा खटला सहा महिन्यांत निकाली काढणारं कोर्ट देणं हे त्याचं उत्तर होतं, आणि तेच टाळलं गेलं.

इथेही अनुवाद घसरला. इंग्रजी व्याख्या आहे सिनेमाचा किंवा त्यातल्या ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क भंग करणाऱ्याची. मराठी नावात झालं ‘विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’. प्रत काढून विकणं हा मूळ धंदा नावातून गळला आणि दाखवणं तेवढं उरलं. ऐंशीच्या दशकात गणपतीच्या मांडवात भाड्याचा व्हीसीआर लावून रात्रभर सिनेमे दाखवणारी मंडळं ज्यांना आठवतात, त्यांच्या डोळ्यांसमोर या शब्दांनी तीच पोरं येतील.

२०१५च्या दुरुस्तीने वाळू तस्कर आणि काळाबाजारवाले आले. त्या वर्षी तूरडाळ दोनशे रुपये किलोला भिडली होती. काळाबाजारवाल्याला तिसरा, पुरवठ्याचा दरवाजा सरळ उघडा होता. त्याच्यासाठी १९८०चा केंद्राचा कायदाही होता. तरी त्याला नावात घेतलंच.

ताब्यात घेतलं की पाच दिवसांच्या आत कारणं स्थानबद्धाला द्यावी लागतात. आदेश निघाल्यापासून बारा दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, ताब्यात घेतल्यापासून तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. तिथे वकील उभा करण्याचा हक्क नाही. कारणं त्याला समजेल अशा भाषेत हवीत, हा हक्क महाराष्ट्रातल्याच एका स्थानबद्धाने मिळवला. त्याला इंग्रजीत कागद दिले होते, त्याने हिंदीत मागितले, सरकारने नाकारलं. १९६२मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची सुटका केली. तेव्हापासून कागदांच्या गठ्ठ्यातलं प्रत्येक पान भाषांतर होऊन येतं, आणि एखादं पान राहिलं किंवा वाचता आलं नाही म्हणून आदेश रद्द होतात.

त्या गठ्ठ्यात शेवटी दोन बंद दाराआडचे जबाब असतात. त्याच्या भीतीने उघडपणे बोलायला तयार नसलेल्या माणसांचे. सार्वजनिक हितासाठी माहिती राखून ठेवायला बाविसावं कलमच परवानगी देतं, म्हणून नाव, पत्ता, कधी कधी तारीखही काढलेली असते. हे जबाब साचेबंद आहेत, त्यांतून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडल्याचं दिसत नाही, असं म्हणून हायकोर्टाने आणि सुप्रीम कोर्टाने हातभट्टीच्या प्रकरणांतले आदेश पुन्हा पुन्हा रद्द केले आहेत. तोवर त्या माणसाचे बरेच महिने गेलेले असतात. घरापासून लांबच्या कारागृहात तो हे कागद वाचतो, आणि ज्याच्या शब्दावर तो तिथे आहे त्याच्या नावाच्या जागी त्याला एकच अक्षर दिसतं: साक्षीदार ‘अ’.