प्रथम वर्ष वैद्यकीय परीक्षेचे प्रमाणीकरण : महाराष्ट्रातील ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे वैद्यकीय शिक्षणाचे पायाभूत विषय होत. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातून, मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला या विषयांची परीक्षा हा पहिला उंबरठा असतो. २०२३ च्या नियमांनुसार तो ओलांडण्यासाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात. म्हणूनच या परीक्षेचे मोजमाप सर्वांना समान आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सदर लेखात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

महाविद्यालयाकडून विद्यापीठाकडे

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ च्या पहिल्या पदविकाधारकांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्या वेळी शिकविणारी आणि प्रमाणपत्र देणारी संस्था एकच होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आला. अध्यापन आणि प्रमाणन यांची ही फारकत हाच प्रमाणीकरणाचा पहिला टप्पा होय.

दुहेरी दर्जा आणि त्याचा शेवट

१९१२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या संस्थेची 'एल.सी.पी.एस.' ही अर्हता विद्यापीठीय पदवीला समांतर अशी राहिली. खेड्यापाड्यांतील अनेक डॉक्टर याच अर्हतेचे होते. १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यक परिषदेकडे उच्च अर्हतांचा दर्जा एकसमान राखण्याचे काम आले. १९४६ च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. दर्जा कागदावर एक झाला. परीक्षा मात्र मुंबई, पुणे, नागपूर, मराठवाडा, शिवाजी अशा विद्यापीठांच्या वेगवेगळ्याच राहिल्या.

एक राज्य, एक प्रश्नपत्रिका

१९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्न महाविद्यालयांची लेखी परीक्षा समान झाली. त्याच सुमारास, १९९७ च्या नियमांनी प्रथम वर्षाचा कालावधी दीड वर्षावरून एक वर्षावर आणला होता. म्हणजे प्रश्नपत्रिका समान झाली, परंतु इंग्रजी परिभाषा आत्मसात करण्यास ग्रामीण विद्यार्थ्याला मिळणारा अवधी घटला.

समानतेलाही मर्यादा होत्या. लोणी येथील १९८४ चे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झाले व स्वतःची परीक्षा घेऊ लागले. विळद घाटातील महाविद्यालय नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच पदवीसाठी दोन परीक्षा झाल्या.

तुलना

अमेरिकेत १९१५ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स ही संस्था स्थापन झाली. या मंडळाच्या विषयवार परीक्षांत प्रश्न आधी पडताळले जातात आणि निरनिराळ्या वर्षांचे गुण तुलनायोग्य ठेवले जातात. तेथे प्रमाणीकरण म्हणजे मोजपट्टीचे प्रमाणीकरण होय. आपल्याकडे भर राहिला तो परीक्षा घेणाऱ्या अधिकाराच्या एकीकरणावर. प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेत तर परीक्षकाचा व्यक्तिगत निर्णयच प्रधान राहतो.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात परीक्षक संस्था, कायदेशीर दर्जा व प्रश्नपत्रिका या क्रमाने प्रमाणीकरण झाले.

२. समान प्रश्नपत्रिका म्हणजे समान मोजमाप नव्हे. त्यासाठी प्रश्नांची पूर्वचाचणी व विश्लेषण आवश्यक आहे.

३. समान परीक्षा न्याय्य ठरायची असेल, तर पहिल्या सत्रात भाषिक साहाय्याची तरतूद हवी. अन्यथा परीक्षा विषयाच्या ज्ञानाबरोबर विद्यार्थ्याची शालेय पार्श्वभूमीही मोजत राहील.