मॉर्मन धर्मप्रसार आणि परंपरा

अमेरिकेतील ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ म्हणजेच मॉर्मन पंथाचे प्रचारकार्य. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात पंथ स्थापला. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव हिंडू लागला. देव आजही प्रेषिताशी बोलतो, ही पंथाची मूळ श्रद्धा. अशा पंथात रूढीला फारसा थारा नसेल असे वाटते, पण रूढी इथेही मुरलेली आहे.

प्रचारक जोडीनेच फिरतात. येशूने शिष्यांना तसेच धाडले होते. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवरच्या काळ्या पट्टीवर ‘एल्डर’ ही उपाधी व आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. हा वडीलधारा बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा असतो! शर्टाच्या रंगाला धर्मग्रंथात आधार नाही, तरी काही भागांत निळा शर्ट चालेल हे ठरायला २०२० उजाडले. घरी फोन वर्षातून दोनदाच, हा दंडकही २०१९ मध्ये सुटला. पूर्वी धडे पाठ करून म्हणायचे. प्रचारकांसाठीच्या २००४ च्या मार्गदर्शिकेने ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावले.

महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा प्रचारक मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला. त्याच वर्षी पंथाने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केले आणि ती बातमी इकडे पोचल्यावर प्रचारकांचे काम आणखी अवघड झाले.

रूढीची खरी किंमत मोजावी लागली ती वर्णभेदापायी. १८३६ मध्ये एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला पौरोहित्याची दीक्षा मिळाली होती. १८५२ मध्ये पंथप्रमुख ब्रिगहॅम यंगने कृष्णवर्णीयांना ती नाकारली. पुढच्या पिढ्यांनी या बंदीसाठी धर्मशास्त्रीय कारणे रचली, आणि मनाईलाच सिद्धांताचे वजन आले. (ती कारणे चर्चने २०१३ मध्ये अधिकृतपणे नाकारली.) या बंदीमुळे कृष्णवर्णीय आफ्रिकेत प्रचारक जवळजवळ फिरकतच नसत. घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सनने १९६४ च्या सुमारास ‘बुक ऑफ मॉर्मन’ वाचून आपणहून मंडळ्या उभ्या केल्या आणि सॉल्ट लेक सिटीतील पंथाच्या मुख्यालयाला पत्रांमागून पत्रे धाडली. जून १९७८ मध्ये तेव्हाचे पंथप्रमुख स्पेन्सर किंबॉल यांनी नव्या प्रकटीकरणाच्या आधारे बंदी उठवली. डिसेंबरात प्रचारक घानात पोचले, तेव्हा जॉन्सनच्या मंडळ्या चौदा वर्षे बाप्तिस्म्यासाठी थांबलेल्या होत्या.